आधी गिऱ्हाईक, मग नायक

वेड्या वयाचा विषय निघाला की मराठीत गद्धेपंचविशी आठवते. अमेरिकी सिनेमाने ते वेड सोळा-सतरावर आणून ठेवलं, आणि त्याला फार काळ लोटलेला नाही. ‘टीनएजर’ हा शब्दच तिथे १९४०च्या दशकात रुळला. त्याआधी कित्येक घरांतली चौदा-पंधराची मुलं शेतावर, गिरणीत, दुकानात कामाला लागत. महामंदीत थोरामोठ्यांनाच कामं मिळेनात, तेव्हा ही मुलं हायस्कुलातच राहिली. १९३८च्या कायद्याने सोळाखालच्यांना बहुतेक कारखान्यांची दारंही बंद केली. मग दिवसभर सगळे एकमेकांच्याच संगतीत, एका इमारतीत. त्यांचे कपडे, गाणी, बोली वेगळी होत गेली ती तिथे.

सिनेमाला हे कळायला वेळ लागला. १९३७ला सुरू झालेल्या एमजीएम या स्टुडिओच्या अँडी हार्डी चित्रपट-मालिकेत मिकी रूनीचा अँडी गाडी, पोरी आणि उसने पैसे यांच्या घोळात अडकायचा, मग न्यायाधीश वडिलांपुढे बसून चार शब्द ऐकून घ्यायचा. मालिकेत १६ चित्रपट निघाले. ते अख्ख्या कुटुंबासाठी होते, कारण तेव्हा कुटुंबच्या कुटुंब थिएटरात जायचं.

हा सगळा घाट मोडला टीव्हीने. १९४८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे स्टुडिओंना आपल्या मालकीची थिएटरं सोडावी लागलीच होती. त्यात आईवडील संध्याकाळी घरीच बसू लागले. घरातून बाहेर पडायला निमित्त हवं असलेली एकच जमात उरली. त्यांच्या खिशात थोडे पैसे होते, आणि वडिलांची गाडी मिळाली तर ड्राइव्ह-इनचा, म्हणजे गाडीत बसूनच सिनेमा बघायच्या उघड्यावरच्या थिएटरचा, अंधारही. १९५०च्या दशकाअखेर देशात चार हजारांवर ड्राइव्ह-इन होती. पडद्यावर काय चाललंय याकडे सगळ्याच गाड्यांचं लक्ष असायचं असं नाही.

१९५५ साली मार्चमध्ये शाळेतल्या दांडगट मुलांचा ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ आला. श्रेयनामावलीवर बिल हेलीचं रॉक अँड रोल सुरू झालं आणि पोरं खुर्च्यांत बसेनात. बालगुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या सिनेटच्या उपसमितीने त्याच वर्षी चित्रपटांनाही जाब विचारला. ऑक्टोबरात निकोलस रेचा ‘रिबेल विदाउट अ कॉज’ लागला. त्याचा नायक जेम्स डीन त्याआधी महिनाभरही नाही, ३० सप्टेंबरला मोटार अपघातात गेला होता. चित्रीकरण कृष्णधवल सुरू झालेलं. वॉर्नर स्टुडिओने मध्येच रंगीत करायचं ठरवलं, म्हणून डीनचं ते लाल जाकीट लाल दिसलं. पण मला जाकिटापेक्षा एप्रन जास्त बोलका वाटतो. नायकाचे वडील झालरीचा एप्रन घालून, गुडघ्यांवर बसून, सांडलेलं जेवण बायकोच्या नजरेला पडायच्या आत पुसताहेत, आणि मुलगा त्यांना उभं करू पाहतोय. अँडी हार्डीच्या न्यायाधीश बापाची खुर्ची इथे रिकामी झाली. (तिच्यावर कोणी बसलंच पाहिजे, हा हट्ट मात्र त्या चित्रपटाचाही आहे.)

मोठे स्टुडिओ या मुलांकडे समस्या म्हणून बघत असताना अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या छोट्या चित्रपट कंपनीने सरळ हिशेब मांडला. लहान भावंडं मोठ्यांचं काहीही बघतात, मोठी मुलं लहानांचं बघत नाहीत. मुली मुलांचं बघतात, मुलगे मुलींचं बघत नाहीत. म्हणजे नेम धरायचा एकोणीस वर्षांच्या मुलावर. याच हिशेबाच्या कंपनीने १९५७ साली पडद्यावर शाळकरी मुलाला लांडगा केलं आणि १९६३पासून समुद्रकिनाऱ्यावर नाचवलं. हा हिशेब पुढे अख्ख्या हॉलिवूडने उचलला. १९७३च्या ‘अमेरिकन ग्राफिटी’ने आठ लाख डॉलरांच्या आतल्या खर्चावर दहा कोटींहून जास्त कमावल्यावर कोणाला शंका उरली नाही.

मुलींच्या नजरेने पाहणं १९८०च्या दशकात जमू लागलं. एमी हेकरलिंगचा ‘फास्ट टाइम्स’ १९८२चा. त्यानंतर दिग्दर्शक जॉन ह्यूज आणि त्याची नायिका मॉली रिंगवाल्ड. ‘ब्रेकफास्ट क्लब’मध्ये पाच मुलं शनिवारी शाळेत डांबलेली आणि दिवसभर फक्त बोलतात. एवढ्यावर चित्रपट उभा करणं ही छोटी गोष्ट नव्हती. पण ह्यूजचं हे जग शिकागोच्या गोऱ्या उपनगरांचं. त्याच शहरातल्या कृष्णवर्णीय मुलांचा ‘कूली हाय’ १९७५लाच येऊन गेला होता, त्याचं नाव या यादीत क्वचितच निघतं. आणि मुलींशी ह्यूजच्या चित्रपटांतले मुलगे जसे वागतात त्याबद्दलची अस्वस्थता २०१८ साली खुद्द रिंगवाल्डनेच लेख लिहून मांडली.

त्याच वर्षी आठवीतल्या मुलीचा ‘एट्थ ग्रेड’ (म्हणजे आठवी) आला. डीनने सतरा वर्षांचा मुलगा रंगवला तो चोविसाव्या वर्षी. इथली एल्सी फिशर चित्रीकरणाच्या वेळी खरोखरच नुकती आठवी संपवून आलेली, चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांसकट. चित्रपटाला आर प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे सतराखालच्यांना पालकाशिवाय प्रवेश नाही. आठवीतल्या मुलांना हा चित्रपट बघता यावा म्हणून वितरकांनी ऑगस्टमधल्या एका रात्री प्रत्येक राज्यात एक फुकट खेळ लावला, दारात वय न विचारता.