शाई फुटणे आणि शाई फासणे

ठाण्यात नौपाड्यात माझे छपाईचे लहानसे दुकान आहे, आणि दिवसातून दोनतीनदा तरी कोणीतरी घरी काढलेला कागद घेऊन येऊन सांगते की, 'आमच्या प्रिंटरची शाई पसरते.' या एका 'पसरते'मध्ये दोन वेगवेगळे दोष दडलेले असतात. पहिला दोष म्हणजे शाई फुटणे आणि दुसरा म्हणजे शाई फासली जाणे. दोन्हींत अक्षर बिघडते, म्हणून दोन्हींवर एकच सल्ला दिला जातो: कागद बदला, किंवा थोडा वेळ वाळू द्या. वास्तविक पहिल्या दोषात कागद शाई गरजेपेक्षा जास्त पितो आणि दुसऱ्यात तो ती पितच नाही. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की दोष वाढतो, आणि मग दोष नसलेला प्रिंटर दुरुस्तीला जातो. हे इतक्या वेळा पाहिले आहे की एकदा नीट लिहून ठेवावेसे वाटले.

फुटणे सर्वांच्या परिचयाचे आहे. शाळेत शाईच्या पेनाने हलक्या वहीत लिहिलेल्या कोणालाही ते समजावून सांगावे लागत नाही. कागदाला खळ कमी असली की शाई तंतूंच्या वाटेने आडवी धावते आणि अक्षराला चहूबाजूंनी बारीक मुळ्या फुटतात. देवनागरीत याचा फटका अधिक बसतो, कारण आपली काही अक्षरे केवळ शिरोरेषेतील लहानशा फटीने वेगळी राहतात. ती फट भरली की 'ध'चा 'घ' होतो आणि 'भ'चा 'म'. उपाय सरळ आहे. बऱ्या प्रतीचा, चांगली खळ दिलेला ७५ किंवा ८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) कागद घ्यावा आणि साध्या कागदावर छपाईचा दर्जा 'हाय' ठेवण्याचा अट्टहास सोडावा, कारण त्या दर्जात साधारणपणे शाई जास्त पडते आणि साध्या कागदाला ती झेपत नाही. फुटण्याविषयी यापेक्षा अधिक सांगण्यासारखे फारसे नाही.

खरा घोळ फासण्यात आहे, आणि त्याचे मूळ 'वाळणे' या शब्दात आहे. इंकजेटच्या, म्हणजे कागदावर शाईचे सूक्ष्म थेंब सोडणाऱ्या प्रिंटरच्या, शाईत सर्वाधिक भाग पाण्याचा असतो, आणि त्यात ग्लिसरीन किंवा ग्लायकॉलसारखे सावकाश उडणारे द्रव मुद्दाम मिसळलेले असतात. ते नसते तर शाई हेडच्या, म्हणजे शाई सोडणाऱ्या भागाच्या, सूक्ष्म छिद्रांतच सुकून बसली असती. म्हणजे जी शाई छिद्रात सुकू नये म्हणून तयार केली आहे, तीच कागदावर पडताच सुकावी अशी आपली अपेक्षा असते. साध्या कागदावर ही अपेक्षा पूर्ण होते, पण ती हवेमुळे नव्हे. टिपकागद ओल्या अक्षरावर दाबला की तो शाई वाळवत नाही, ती शोषून घेतो. साधा कागद तेच काम स्वतःच्या पोटात करतो. बोट लावून शाई बोटाला लागली नाही, याचा अर्थ ती आत गेली, एवढाच असतो. बाष्पीभवन त्यानंतर कितीतरी वेळ चालू राहते.

त्यामुळे कागद प्रिंटरबाहेर आल्यावर शाई फासली जात असेल, तर पहिला प्रश्न 'किती वेळ थांबावे' हा नसून 'या पृष्ठभागात शाईला आत जायला जागा आहे का' हा आहे. जागा असेल तर थांबण्याला अर्थ आहे, नसेल तर दुसऱ्या दिवशीही तीच स्थिती राहील. हा फरक लक्षात न घेता लोक कागद पंख्याखाली, गच्चीवर, अगदी इस्त्रीखालीसुद्धा ठेवतात. उष्णतेने कागद वाकतो, फोटो पेपरवरचा लेप खराब होऊ शकतो आणि शाई मात्र सुटायची ती सुटतेच. इस्त्रीचा हा सल्ला ऐकला की मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यात चांगला फोटो पेपर वाया जातो.

दोन्ही दोष ओळखायला एक साधे भिंग पुरते. फुटलेल्या अक्षराला मुळ्या असतात, फासलेल्या अक्षराला शेपटी असते. फुटलेला 'र' सगळीकडून सारखाच जाड झालेला दिसतो आणि त्याच्या कडेला केसांसारखे तंतू दिसतात. फासलेल्या 'र'ची एक कड अजून धारदार असते आणि दुसरीकडून फिकट पट्टा निघालेला असतो. त्या पट्ट्याची दिशा पाहिली की बोट लागले, वरचा कागद घासला की आत काही खरवडले, हे बहुधा कळते. लोक प्रिंटरचे नाव आधी सांगतात. मी आधी कागद मागतो, भिंग घेतो आणि शेपटी शोधतो.

चकचकीत फोटो पेपरवर हा दोष सर्वाधिक दिसतो. अशा कागदाच्या आत बहुधा प्लॅस्टिकचा थर असतो, त्यातून पाणी आत जात नाही. शाई धरून ठेवण्याचे सारे काम वरचा पातळ लेप करतो. हा लेप बहुधा एकाच बाजूला असतो. मागच्या बाजूवर छापले तर शाई थेंबाथेंबाने गोळा होते आणि ती किती दिवस ठेवली तरी हाताला लागते. लेपाची बाजू ओळखण्यासाठी कोपऱ्याला किंचित ओले बोट लावावे; ज्या बाजूला बोट थोडे चिकटते, ती छापायची बाजू. गठ्ठा उघडताना ही खूण एकदा पाहून घेतली की पुढचा त्रास वाचतो.

याहून मोठी चूक सेटिंगची, आणि ती माझ्याकडूनही झाली आहे. एका पावसाळ्यात बारशाच्या साठ पत्रिका २३० जीएसएमच्या ग्लॉसी कागदावर काढल्या. रात्रभर त्या टेबलावर सुट्या पसरून ठेवल्या, वर पंखा चालू होता. सकाळी कडेची रंगीत फुले अगदी पक्की बसलेली होती, पण बाळाच्या आईवडिलांच्या नावांवरून बोट फिरवले तर काळी शाई पुडीतल्या काजळासारखी बोटावर आली. एकाच कागदावर रंग पक्का आणि काळा कच्चा, असे का? तर मी कागदाचा प्रकार 'प्लेन पेपर' असाच ठेवला होता.

याचे कारण असे. घरगुती आणि छोट्या कार्यालयांतील अनेक टँक प्रिंटरांत (ज्यांच्या टाकीत शाई ओतून भरतात) तीन रंगीत शाया डायच्या असतात आणि काळी पिगमेंटची असते. डाय पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो, तो द्रवाबरोबर लेपात शिरतो. पिगमेंटमध्ये रंगाचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. साध्या कागदावर पाणी आत जाते, कण वरच्या तंतूंत अडकतात आणि म्हणूनच मजकूर गडद व धारदार दिसतो. ग्लॉसी लेपाची छिद्रे त्या कणांसाठी फार बारीक पडतात. पाणी निघून जाते आणि कण वर धुळीसारखे पडून राहतात. सेटिंगमध्ये फोटो पेपर निवडला की असे बरेच प्रिंटर पिगमेंटची काळी शाई बाजूला ठेवून तिन्ही रंग मिसळून काळा तयार करतात. तो काळा किंचित तपकिरी किंवा निळसर वाटू शकतो, पण तो बोटाला लागत नाही. त्या साठही पत्रिका मी स्वखर्चाने पुन्हा काढून दिल्या, आणि तेव्हापासून कागद ट्रेमध्ये ठेवण्याआधी सेटिंगमधील कागदाचा प्रकार बदलतो. रंग बसला आणि काळाच सुटतो, ही खूण दिसली की वाळवण्याच्या मागे लागू नये, थेट सेटिंग तपासावी.

'पिगमेंट शाई घाला म्हणजे फासणे बंद होईल' हा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. छापील मजकुरावर पाणी पडले तर काय होते, हा तिसराच प्रश्न आहे; तेथे पिगमेंट खरोखर सरस ठरते, कारण डाय पुन्हा पाण्यात विरघळून ओघळतो आणि पिगमेंटचे कण बहुतांशी जागेवर राहतात. पण पाण्याला टिकणे आणि बोटाला न लागणे हे दोन निराळे गुण आहेत. त्यापायी डायच्या टाकीत पिगमेंट ओतणे तर मुळीच करू नये. त्या हेडसाठी न बनवलेल्या शाईने छिद्रे तुंबू शकतात.

साध्या कागदावरही शाई फासली जाते, पण तेथे बहुतेक वेळा प्रश्न काही सेकंदांचाच असतो. ऐरोली-नेरूळकडचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी ब्लॅक बुकसाठी, म्हणजे प्रकल्पाच्या बांधीव अहवालासाठी, बाँड पेपर आणतात. त्याला खळ कडक असल्यामुळे त्यावर शाई फुटत नाही, पण त्याच कारणाने ती आत शिरायला वेळ लावते. आधीचा कागद ओला असतानाच पुढचा त्यावर सरकतो आणि आलेखांच्या गडद पट्ट्यांना शेपट्या फुटतात. फुटण्याचा उपाय केल्याने फासणे वाढते, याचे हे अगदी नेमके उदाहरण आहे. येथे दर्जा 'स्टँडर्ड'वर आणावा, प्रिंटरच्या सेटिंगमध्ये वाळण्याचा वेळ वाढवण्याची सोय असेल तर ती वापरावी, आणि नसेल तर पाच-पाच पाने काढून प्रत्येक पान बाहेर येताच हाताने उचलून बाजूला ठेवावे. मोठ्या गडद चौकटी असलेली पाने ट्रेमध्ये एकावर एक साचू देणे मला मान्य नाही, कितीही घाई असली तरी.

कधी कधी कागद बाहेर येण्याआधीच आत घासला जातो. शाई जास्त पडली की पातळ कागद ओलसर होऊन लाटांसारखा उचलला जातो आणि हेड त्यावरून खरवडत जाते. तेव्हा डाग बहुधा कडेला आणि आडवे असतात. जाड कागदासाठी हेड आणि कागद यांतले अंतर वाढवण्याची सोय अनेक प्रिंटरांत असते, ती चालू करावी, पण साध्या कामाला लागताना आठवणीने बंद करावी, नाहीतर अक्षरांची धार जाते. आणि डाग ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत असेल, तर रूळ माखलेला आहे. प्रिंटरच्या मेंटेनन्समधील सफाई चालवावी किंवा कोरे कागद दोनचारदा आतून काढावेत.

जून ते सप्टेंबर हे सारे दोष आपल्याकडे एकदम उसळतात, आणि माझ्या मते गोंधळ वाढण्याचे ते एक मोठे कारण आहे. खाडीकाठच्या आपल्या शहरांत पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की उघड्या रीमचा कागद दोन दिवसांत हाताला मऊ लागतो. असा कागद लवकर लाटतो आणि त्यावर शाईही अधिक फुटते. त्याच वेळी बाष्पीभवन मंदावल्यामुळे चकचकीत कागदावरची शाई जास्त वेळ ओली राहते. दोन्ही दोष एकाच आठवड्यात दिसल्यावर माणूस ते एकच समजतो. पण येथेही उपाय वेगळे आहेत. फुटण्यासाठी रीम तिच्या वेष्टनातच घट्ट बांधून ठेवावी आणि लागतील तेवढेच कागद ट्रेमध्ये भरावेत, रात्री उरलेले परत वेष्टनात घालावेत. फासण्यासाठी फोटोंच्या प्रती सुट्या, एकमेकींना न चिकटवता, पंख्याच्या साध्या वाऱ्यात ठेवाव्यात. वारा त्यांच्यावर असावा, चालू प्रिंटरवर नव्हे, कारण वाऱ्याने धूळ आत जाते.

हाताळायच्या वस्तूंसाठी, म्हणजे पत्रिका, दरपत्रके, मुलांचे तक्ते यांसाठी, मी स्वतः दोन्ही बाजूंना लेप असलेला मॅट कागदच सुचवतो. तो डोळ्यांत भरत नाही, पण शाई चटकन आत घेतो, त्यावर पिगमेंटचा काळाही चांगला धरतो आणि त्यावर बोटांचे ठसे उठत नाहीत. ग्लॉसी कागद चौकटीत लावायच्या फोटोपुरता ठेवावा. तोही लगेच काचेमागे घालू नये. हाताला कोरडा लागला तरी त्यातील ग्लायकॉल अजून उडत असते आणि ते काचेच्या आतल्या बाजूला धुके धरते. किमान एक पूर्ण दिवस तो उघडा राहू द्यावा, पावसाळ्यात दोन. लॅमिनेशनलाही हाच नियम लावावा, कारण अडकलेला ओलावा गरम फिल्मखाली फुगे धरतो आणि तो फोटो पुन्हा उघडता येत नाही.