कंबरेच्या मणक्यातील स्टेरॉइड इंजेक्शन

कंबरेच्या मणक्यांजवळ नस दबली किंवा सुजली की पायात कळा उतरतात. त्या नसेच्या मुळाशी स्टेरॉइड औषध सोडण्याची ही उपचारपद्धती आहे. डॉक्टर तिला एपिड्युरल इंजेक्शन म्हणतात. मज्जारज्जूच्या सर्वांत बाहेरच्या आवरणाला ड्युरा हे नाव आहे. औषध त्या आवरणाच्या बाहेरील पोकळीत जाते, म्हणून एपिड्युरल. कोल्हापूर परिसरात हेच ‘मणक्यातलं इंजेक्शन’ किंवा ‘गॅपचं इंजेक्शन’ होते.

‘गॅप’ हा शब्द गमतीचा आहे. एक्स-रेमध्ये हाड दिसते, दोन मणक्यांमधली चकती दिसत नाही. त्यामुळे तिथे फट दिसते, आणि ती प्रत्येकाच्याच पाठीत असते. चकती झिजली की ही फट अरुंद होते. म्हणजे ‘मणक्यात गॅप पडली’ असे ज्याला सांगितले जाते, त्याची गॅप बहुधा कमी झालेली असते. शब्द उलटा पडला की अपेक्षाही उलटी होते; सुईतून काहीतरी आत जाऊन फट भरून निघेल, असे रुग्णाला वाटते. हे इंजेक्शन काही भरत नाही आणि सरकलेली गादी जागेवर बसवत नाही. ते नसेच्या मुळाची सूज उतरवते, एवढेच.

कंबरेत पाच मणके असतात. त्यांच्यामधल्या चकतीला बाहेरून चिवट कडे आणि आत मऊ गर असतो. कड्याला चीर पडून गर मागे सरकला, तर शेजारून निघणाऱ्या नसेच्या मुळाला तो चिकटतो. बहुतेक वेळा हे चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये किंवा पाचवा मणका आणि त्याखालचे त्रिकास्थी यांच्यामध्ये घडते, कारण सर्वाधिक भार तिथेच येतो. कळ कुल्ल्यातून निघते, मांडीच्या मागून पोटरीत जाते आणि पावलात उतरते. पाचव्या मणक्याची नस दुखावली तर अंगठ्याकडे मुंग्या येतात, त्याखालची दुखावली तर करंगळीकडे. यालाच सायटिका म्हणतात. आयुर्वेदात गृध्रसी हे नाव आहे. गृध्र म्हणजे गिधाड, आणि दुखऱ्या पायावर भार न देता चालणारा माणूस पाहिला की नाव कशावरून पडले ते कळते. खोकला, शिंक किंवा शौचाच्या वेळी जोर लावणे, यांनी कळ उसळते. उताणे झोपवून गुडघा न वाकवता पाय उचलला आणि ३० ते ७० अंशांच्या दरम्यान पोटरीखालपर्यंत वीज चमकली, तर डॉक्टरांचा संशय बळावतो.

कोल्हापुरात या दुखण्याची कारणे सांगायला लोक लगेच तयार असतात. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणे, गुऱ्हाळात ३० किलोचा गुळाचा रवा वाकून उचलणे, फाउंड्रीतले ओतकाम, तालमीत लावलेली चुकीची पकड. ही सगळी खरी आहेत. पण दिवसभर खुर्चीत बसून हिशेब लिहिणाऱ्याचीही चकती सरकते. वय, आनुवंशिकता आणि तंबाखू-सिगारेट यांचा त्यात हात असतो. मोळीवर सगळा दोष टाकून चालत नाही.

चकती नसेवर दाबते हे अमेरिकेतील मिक्स्टर आणि बार या शल्यविशारदांनी १९३४ साली दाखवून दिले, आणि पुढे बराच काळ हे दुखणे निव्वळ दाबाचे मानले गेले. पण एमआरआय आल्यावर असे दिसले, की ज्यांना काहीच दुखत नाही अशा अनेकांच्या चकत्याही फुगलेल्या असतात. म्हणजे नुसत्या दाबाने सगळे समजत नाही. चकतीतला गर नसेला लागला की तिथे दाह पेटतो. फॉस्फोलायपेज ए-२ सारखी दाहकारक द्रव्ये तयार होतात आणि सुजलेली नस साध्या हालचालीनेही ठणकते. स्टेरॉइड नेमके हे रासायनिक चक्र रोखते. गर मात्र शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेते; बहुसंख्य रुग्णांचा पाय ६ ते १२ आठवड्यांत सुधारू लागतो. तेवढे दिवस निभावून नेणे, रात्री झोप मिळणे, व्यायाम सुरू करता येणे, यासाठी हे इंजेक्शन आहे.

स्टेरॉइड या नावाचेही एक कोडे आहे. जिथे राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान आहे आणि गंगावेशीपासून शाहूपुरीपर्यंत तालमींची नावे लहान पोरांनाही पाठ असतात, तिथे हा शब्द ऐकला की जिममध्ये दंड फुगवायला घेतात ती औषधे आठवतात. ती ॲनाबोलिक स्टेरॉइड्स, पुरुष संप्रेरकाच्या जातीची. मणक्यात वापरतात ती कॉर्टिकोस्टेरॉइड्स. मूत्रपिंडावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीतून स्रवणाऱ्या कॉर्टिसॉलची ही भावंडे. त्यांनी स्नायू वाढत नाहीत, उलट दीर्घकाळ घेतली तर रोडावतात. मेथिलप्रेडनिसोलोन, ट्रायॅम्सिनोलोन, बीटामेथासोन आणि डेक्सामेथासोन ही यातली नेहमीची नावे.

कंबरेखालच्या छिद्रातून औषध सोडण्याची कल्पना स्टेरॉइडपेक्षा जुनी आहे. १९०१ साली पॅरिसमध्ये सिकार आणि कॅतलँ यांनी स्वतंत्रपणे या वाटेने कोकेन दिले. कॉर्टिसोनच्या संशोधनासाठी हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन यांना १९५० चे नोबेल मिळाले, आणि १९५२ मध्ये इटलीतील रोबेक्की आणि काप्रा यांनी नसेच्या मुळाशी हायड्रोकॉर्टिसोन सोडले.

आजची पद्धत अशी. रुग्णाला पालथे झोपवून पोटाखाली उशी देतात, म्हणजे कंबरेचा बाक मोकळा होतो. जंतुनाशकाचा गार बोळा फिरतो. त्वचा बधिर करणारी पहिली सुई चावते. बहुतेकांच्या लेखी सगळ्यात जास्त दुखते ती हीच. मग सी-आर्म नावाचे कमानीसारखे एक्स-रे यंत्र अंगावरून फिरते आणि पडद्यावर पाहत डॉक्टर बारीक, लांब सुई पुढे सरकवतात. जागा बरोबर आहे का, हे पाहायला आधी थोडा रंगद्रव सोडतात. तो नसेच्या कडेने काळ्या रेघेसारखा उतरला की सुई ठिकाणावर आहे. औषध आत जाताना पायात नेहमीचीच कळ क्षणभर जागी होते. रुग्ण ‘हीच ती, हीच ती’ म्हणून ओरडतो आणि डॉक्टरांना मात्र बरे वाटते. सगळे मिळून १५ ते ३० मिनिटे. सोबतच्या भुलीच्या औषधामुळे पाय काही तास जड राहतो, म्हणून स्वतः मोटारसायकल मारत घरी जायचे नसते. स्टेरॉइडचा गुण यायला दोन दिवसांपासून आठवडाभर लागतो; मध्ये एक-दोन दिवस दुखणे वाढूही शकते.

सुई तीन वाटांनी जाते. माकडहाडाच्या वरच्या छिद्रातून दिले तर कॉडल. ही वाट सोपी, पण औषध जास्त लागते आणि वरपर्यंत पोहोचेलच असे नाही. दोन मणक्यांच्या पाठीमागच्या कमानींमधून दिले तर इंटरलॅमिनार. नस जिथून बाहेर पडते त्याच खिडकीतून, थेट मुळाशी दिले तर ट्रान्सफोरॅमिनल. तिसरी सर्वांत नेमकी आहे, पण तिथून मज्जारज्जूला रक्त पुरवणारी धमनी जाऊ शकते. कणयुक्त स्टेरॉइड चुकून तीत गेले तर रक्तपुरवठा अडून दोन्ही पाय लुळे पडण्याचा धोका असतो. म्हणून या वाटेला डेक्सामेथासोनसारखे कण नसलेले औषध पसंत करतात.

गुण किती येतो, याचे उत्तर जाहिरातींपेक्षा बरेच कमी उत्साहाचे आहे. १९९७ मध्ये १५८ सायटिका रुग्णांवरील अभ्यासात सुरुवातीच्या आठवड्यांत थोडा आराम दिसला, पण वर्षभरात शस्त्रक्रियेची गरज कमी झाली नाही. कॉक्रेन या संशोधन-संस्थेच्या २०२० च्या आढाव्याने २५ चाचण्या एकत्र केल्या; पायाच्या दुखण्यात १०० गुणांच्या मोजपट्टीवर सरासरी ५ गुणांचाच फरक आढळला, तोही अल्पकाळ. सरासरीत काहींचा मोठा आराम आणि इतरांचे शून्य मिसळलेले असते, हे खरे. उतारवयात मणक्याची नळी अरुंद होऊन चालताना पाय भरून येतात, त्या आजारात तर फायदा आणखी संशयास्पद आहे; २०१४ च्या ४०० रुग्णांच्या चाचणीत नुसते लिडोकेन हे बधिर करणारे औषध आणि स्टेरॉइडसह लिडोकेन यांत जवळपास फरक पडला नाही. आणि पायात कळ नसून फक्त कंबर धरत असेल, तर ही सुई घेण्यात फारसा अर्थ नाही.

मधुमेहींना एक गोष्ट आधीच सांगायला हवी. इंजेक्शननंतर काही दिवस, कधी आठवडाभर, साखर चांगलीच चढते. ग्लुकोमीटर जवळ ठेवून गोळ्या-इन्सुलिनचा हिशेब डॉक्टरांकडून करून घ्यावा लागतो. रक्त पातळ करणारी औषधे कधी थांबवायची हे ती देणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारूनच ठरते. मनाने बंद केलेली गोळी सुईपेक्षा महागात पडू शकते. अंगात ताप किंवा जंतुसंसर्ग असेल तर इंजेक्शन पुढे ढकलतात. चेहरा लाल होणे, झोप उडणे हे किरकोळ त्रास आहेत. ड्युराला भोक पडले तर उठून बसल्यावर डोके जबर दुखते आणि आडवे झाल्यावर थांबते. जंतुसंसर्ग विरळा आहे, पण अमेरिकेत २०१२ मध्ये बुरशीने दूषित झालेल्या मेथिलप्रेडनिसोलोनमुळे ७५३ जण आजारी पडले आणि ६४ दगावले. अशा सगळ्या धोक्यांमुळे वर्षाला तीन-चारपेक्षा जास्त इंजेक्शने सहसा देत नाहीत, आणि पहिल्याने काडीचाही फरक पडला नसेल तर दुसऱ्याचा आग्रह धरणाऱ्याला कारण विचारावे.

कळ थांबली म्हणून दुसऱ्याच दिवशी जोतिबाच्या पायऱ्या चढायला निघणारेही असतात. चकतीच्या कड्याची चीर अजून भरायची असते, सूज फक्त उतरलेली असते. चालणे रोज थोडे वाढवायचे, फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम करायचे आणि वाकून वजन उचलणे काही आठवडे टाळायचे.

काही लक्षणांत या इंजेक्शनला जागाच नाही. पाऊल उचलेनासे होऊन चप्पल पायातून निसटू लागणे, लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, खोगीर टेकते त्या भागाला बधिरता येणे. अशा वेळी मणक्यांच्या नळीतून खाली उतरणाऱ्या शेपटीसारख्या नसांचा सगळा जुडगाच दाबला गेल्याची शंका येते. अशा रुग्णाला तेल चोळत बसू नये की इंजेक्शनची तारीखही घेऊ नये. कोल्हापुरातल्या सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात त्याच रात्री न्यावे, कारण एमआरआय आणि शस्त्रक्रिया तासांच्या हिशेबाने ठरते आणि उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.