पोपडा पडण्याच्या कितीतरी आधी

स्लॅबचा पोपडा पडला की सोसायटीत सहसा दोन गोष्टी होतात: वरच्या मजल्यावरच्या घराशी वाद आणि गवंड्याला फोन. गवंडी सैल भाग पाडतो, सिमेंट-रेतीचा माल थापतो, वरून पुट्टी आणि रंग. काही पावसाळे गेले की त्याच जागेच्या शेजारी पुन्हा फुगवटा येतो. स्ट्रक्चरल ऑडिटच्या कामात मुंबई-ठाण्याच्या इमारतींमध्ये मला हे सतत दिसतं. आत काय चाललं आहे हे राहणाऱ्यांना नीट कळलं, तर बराच खर्च वाचेल आणि त्याहून मोठा धोका टळेल, असं मला मनापासून वाटतं.

उघड्यावर पडलेली सळई एका पावसात तांबडी होते, मग काँक्रीटमधली वर्षानुवर्षं शाबूत कशी राहते? सिमेंटची पाण्याशी क्रिया होताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरवलेला चुना, तयार होतो. त्यामुळे चांगल्या काँक्रीटचा पीएच, म्हणजे अल्कतेचं माप, १२.५ ते १३च्या घरात असतो. इतक्या अल्कधर्मी परिस्थितीत सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ पण घट्ट थर बसतो आणि ओल पोचली तरी गंज चढत नाही.

या चुन्याला संपवते ती साधी हवा. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत झिरपतो आणि चुन्याचं कॅल्शियम कार्बोनेट करतो. पीएच ९च्या खाली उतरला की सळईवरचा संरक्षक थर टिकत नाही. या क्रियेला कार्बोनेशन म्हणतात. ती जितकी खोल जाते तितकी मंदावते. खोली साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा पहिले १० मिमी जायला १० वर्षं लागली, तर २० मिमीला ४० आणि ३० मिमीला ९० वर्षं. म्हणून सळईवरचं काँक्रीटचं आवरण, ज्याला साइटवर ‘कव्हर’ म्हणतात, हीच इमारतीची खरी आयुष्यरेषा. १९७८च्या भारतीय मानकात स्लॅबसाठी ते किमान १५ मिमी होतं. २०००च्या मानकात किनारी हवेत उघड्या असलेल्या काँक्रीटसाठी ४५ मिमी सांगितलं आहे. आणि कागदावर काहीही असलं तरी स्लॅब भरताना सळयांखालचे कव्हर ब्लॉक हलले, माणसं जाळीवरून चालली, की सळई शटरिंगला टेकते. जुने स्लॅब फोडताना अवघ्या ५-७ मिमीवर सळई लागलेली मी पाहिली आहे.

कार्बोनेशन कुठवर पोचलं हे डोळ्यांनी पाहता येतं. काँक्रीटचा छोटा तुकडा फोडायचा, धूळ फुंकून काढायची आणि ताज्या कडेवर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण फवारायचं. चुना शिल्लक असलेला भाग काही क्षणांत गडद गुलाबी होतो. बाहेरच्या बाजूची पट्टी मात्र राखाडीच राहते. तिची जाडी मोजपट्टीने मोजायची. सळई गुलाबी भागात असेल तर अजून वेळ आहे. राखाडी भागात असेल तर तिचं संरक्षण संपलेलं आहे, मग वरचा रंग कितीही तुकतुकीत असो.

इथे एक फसगत होते. बऱ्याच ठिकाणी ऑडिट म्हणजे फक्त रिबाउंड हॅमरचे, म्हणजे पृष्ठभागावर आपटून टणकपणा मोजणाऱ्या उपकरणाचे, आकडे असतात. कार्बोनेट झालेला पृष्ठभाग अधिक टणक होतो, त्यामुळे जुन्या काँक्रीटवर हॅमरचा आकडा वाढून येतो. ज्या प्रक्रियेने सळईचं संरक्षण गेलं तीच प्रक्रिया इमारत मजबूत असल्याचं भासवते. म्हणून सोबत अल्ट्रासॉनिक पल्स चाचणी (काँक्रीटमधून ध्वनिलहरी पाठवून), कोअर (कापून काढलेला काँक्रीटचा नमुना), कार्बोनेशनची खोली आणि हाफ-सेल चाचणी (सळईचा विद्युत दाब मोजणारी) हवी. हाफ-सेलमध्ये कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा खालचं वाचन आलं, तर सळईवर गंजक्रिया चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात.

किनाऱ्याला दुसरा शत्रू आहे, मीठ. खारा वारा किंवा न धुतलेली खाडीची रेती यांतून आलेले क्लोराइड आयन पीएच उतरण्याची वाटही पाहत नाहीत. ते संरक्षक थर जागोजागी भेदून सळईला खोल खड्डे पाडतात.

गंज लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. आतून फुगणाऱ्या गंजाने ते सळईच्या रेषेत तडकतं. त्या भेगेतून आणखी पाणी जातं आणि एके दिवशी पोपडा खाली येतो. तोवर आतलं काम कैक वर्षं चाललेलं असतं.

मग नुसता माल थापून का भागत नाही? ताज्या, चुनायुक्त मालातली सळई आणि लगतच्या जुन्या, खारट काँक्रीटमधली सळई ही एकच सळई असते. तिच्यात बॅटरीसारखा विद्युतप्रवाह सुरू होतो: नवा भाग कॅथोड, जुना भाग ॲनोड, आणि ॲनोड झपाट्याने गंजतो. शेजारी पुन्हा फुगवटा येतो तो यामुळे. योग्य दुरुस्तीत निरोगी काँक्रीट लागेपर्यंत फोडावं लागतं, सळईच्या मागेही बोट जाईल इतकं. गंज पूर्ण घासायचा, सळई फारच बारीक झाली असेल तर जोड सळई द्यायची, गंजरोधक लेप लावायचा आणि मग पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रो काँक्रीट. हे सगळं गळती थांबल्यावर. पाणी चालू ठेवून केलेलं काम पैसे पाण्यात घालणं आहे.

प्रत्येक भेगेला घाबरायचं कारण नाही. प्लास्टरवरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसभर रेघा किंवा बीम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यातली आडवी रेघ बहुधा निरुपद्रवी असते. खांबाच्या कोपऱ्यातून उभी जाणारी भेग, बीमच्या टोकाला खांबाजवळची तिरकी भेग आणि तांबूस ओघळ असलेली कुठलीही भेग दिसली तर इंजिनीअरला बोलवा. तो येईपर्यंत भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. भेग वाढतेय का हे त्यावरून ठरतं.

नूतनीकरणाबद्दल मला फार काळजी वाटते. घराचा स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापराचा भार धरून बांधतात. जुन्या लाद्यांवरच ४० मिमी माल आणि नव्या लाद्या बसवल्या की १०० किलोच्या आसपास वाढतात, म्हणजे जवळजवळ निम्मी मुभा तिथेच संपते. आणि खांब-बीमला छिन्नी लावणं तर पूर्ण वर्ज्य. घाटकोपरला २५ जुलै २०१७ला चार मजली इमारत कोसळून १७ माणसं गेली, तेव्हा तळमजल्यावरच्या फेरबदलांचाच मुद्दा पुढे आला होता.

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी ऑडिट सांगितलं आहे. मुंबईत अहवालातून वर्ग ठरतो: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती, मधले दोन, सी-२ए आणि सी-२बी, मोठ्या दुरुस्तीचे. अहवाल आला की कमिटीने कार्बोनेशनची खोली आणि कव्हर हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचावेत.

आपल्याकडे रंगकाम दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतं, म्हणजे पावसाने दाखवलेले डाग नेमके तेव्हाच पुसले जातात. रंगारी येण्याआधी छतावर हातोडीने हलकेच ठोकत फिरा. पक्कं काँक्रीट खणखणीत वाजतं, सुटलेलं बद्द. ओलीच्या डागांचे तारखेसह फोटो काढा. पीओपीचं फॉल्स सीलिंग लावणार असाल तर आधी स्लॅब तपासून घ्या, नंतर तो दिसणार नाही. बाथरूमचा संशय असेल तर नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायची जाळी, बंद करून इंचभर रंगीत पाणी २४ तास साठवा. खाली रंग उतरला तर गळती कुठली ते कळतं. छज्ज्यावर पिंपळाचं रोप उगवलं असेल तर ते वरून कापू नका, मूळ काढून भेग बुजवून घ्या.