'असोसिएटेड' या एका शब्दात अडकलेले पैसे

युरोपातल्या रिसर्च प्रोजेक्टमध्ये गोव्यातलं लहान औद्योगिक युनिट घ्यायचं म्हटलं की सगळे आधी विचारतात, पार्टनर कसा शोधायचा? खरं तर पार्टनर मिळतो. अडतं ते पैशांवर, आणि ते का अडतं हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

फार मागे नको. वास्कोचं जहाजबांधणी यार्ड 1957 चं, फर्मागुढीचं इंजिनिअरिंग कॉलेज 1967 चं, पहिल्या औद्योगिक वसाहती पण साधारण त्याच काळातल्या. तेव्हा परदेशी पार्टनर म्हणजे 'टेक्निकल कोलॅबोरेशन', ड्रॉइंग विकत घ्या आणि रॉयल्टी भरत राहा. बरोबर बसून काही नवीन शोधायचं हा विचारच त्यात नव्हता.

खरा फरक पडला तो रिसर्चला पैसे देणाऱ्या युरोपियन युनियनच्या 2007 ते 2013 च्या कार्यक्रमात. त्यात भारतातल्या संस्थेला युरोपकडून थेट पैसे मिळू शकत होते. मग 2014 मध्ये त्याच्या जागी होरायझन 2020 आलं, 8 हजार कोटी युरोंच्या आसपासचं, आणि भारत, चीन, ब्राझील, रशिया, मेक्सिको या पाच देशांना आपोआप पैसे मिळणाऱ्यांच्या यादीतून काढलं. कारण असं दिलं की या अर्थव्यवस्था आता मोठ्या झाल्या, आपला खर्च आपण करतील. देश म्हणून ते ठीक असेल, पण वसाहतीतल्या वीस माणसांच्या युनिटला भारताचा जीडीपी दाखवून काय उपयोग? माझ्या मते हा निर्णय लहान उद्योगांसाठी चुकीचाच होता. नंतर दिल्लीने आपला वाटा घालून काही संयुक्त कॉल (म्हणजे प्रस्ताव मागवणाऱ्या जाहिराती) काढले, पण मोठे कॉल गेले पाणी, फ्लूची लस, स्मार्ट ग्रिड यांच्याकडे, मॅन्युफॅक्चरिंग मागेच राहिलं.

2021 पासूनच्या होरायझन युरोपमध्ये (साधारण 9,550 कोटी युरो) नियम तोच राहिला, वर शब्दांचा गुंता वाढला. 'असोसिएटेड कंट्री' म्हणजे करार करून आपला वाटा भरणारा देश, उदाहरणार्थ नॉर्वे, तिथल्या कंपनीला पैसे मिळतात. 'असोसिएटेड पार्टनर' म्हणजे प्रोजेक्टमध्ये काम करणारी पण युरोपकडून पैसे न घेणारी संस्था. शब्द तोच, अर्थ बरोब्बर उलटा! आपण बहुतेक वेळा दुसऱ्या रकान्यात. कॉलमध्येच तसं लिहिलेलं असेल किंवा तुमच्याशिवाय काम होणारच नाही असं ठरलं तर अपवाद होतो, पण तो क्वचित. शिवाय नेहमीच्या प्रोजेक्टला तीन वेगवेगळ्या सदस्य किंवा असोसिएटेड देशांतल्या तीन संस्था लागतात, त्या तिघांत आपण धरलेच जात नाही, आपण चौथे.

कुंडईतल्या एका ओळखीच्या टूल रूममध्ये (साचे बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये) हे मी जवळून बघितलंय. मोल्डच्या आत बसणाऱ्या थ्री-डी प्रिंटेड इन्सर्टचं काम होतं, जर्मन इन्स्टिट्यूटने स्वतःहून विचारलेलं. मालकांनी ईडीएम (विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणाऱ्या) मशीनचे तास, स्टील, ऑपरेटरचा पगार, सगळं मांडून पाठवलं. डेडलाइन ब्रुसेल्सचे संध्याकाळचे पाच, म्हणजे थंडीत आपले रात्रीचे साडेनऊ. आदल्या दिवशी बजेटचा तक्ता परत आला तर त्यांच्या ओळीत शेवटी शून्य. "सर, ही टायपिंग मिस्टेक असेल ना?" त्यांनी मला विचारलं. नव्हती. रात्री आठला त्यांनी नाव मागे घेतलं.

दुसरी वाट दोन देशांमधल्या योजनांची. जर्मनीबरोबर 2010 पासून '2+2' पद्धत आहे, दोन्हीकडून एक रिसर्च संस्था आणि एक कंपनी. भारतातल्या भागीदारांना भारताकडून आणि तिकडच्यांना तिकडून पैसे, कंपनीने आपला वाटा घालायचाच. रक्कम लहान, पण तक्त्यात शून्य नसतं, आणि गोव्यात कॉलेज आणि वसाहत अर्ध्या तासावर असल्यामुळे आपल्या बाजूची जोडी जमवणं तुलनेने सोपं.

त्या टूल रूमने आता तोच प्रस्ताव 2+2 मध्ये बसवायला घेतलाय. इथले एक प्रोफेसर तयार आहेत, जर्मन इन्स्टिट्यूटही तीच आहे, फक्त तिकडची कंपनी अजून मिळालेली नाही.