कुक्कू आणि नाइटिंगेल (ऑर्गन कन्चेर्तो)

जॉर्ज फ्रिडरिक हँडल (१६८५–१७५९) या संगीतकाराचा एफ मेजर स्वरश्रेणीतील ऑर्गन कन्चेर्तो, म्हणजे ऑर्गन आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना. हँडलच्या कृतींच्या सूचीतील क्रमांक एचडब्ल्यूव्ही २९५. लंडनमध्ये २ एप्रिल १७३९ रोजी तो लिहून पूर्ण झाला आणि दोनच दिवसांनी, हेमार्केटमधील किंग्ज थिएटरात ‘इझ्राएल इन इजिप्त’ या ऑरेटोरिओच्या पहिल्या प्रयोगात वाजला. ऑर्गनवर हँडल स्वतः होता.

ऑरेटोरिओत बायबलमधील कथा अभिनय-वेशभूषेशिवाय, केवळ गायक, गायकवृंद आणि वाद्यवृंद यांच्या बळावर उभी राहते. अशा प्रयोगात अंकांच्या दरम्यान ऑर्गन कन्चेर्तो वाजवण्याची रीत हँडलने १७३५ मध्ये रुळवली. तेव्हा प्रतिस्पर्धी ऑपेरा मंडळीकडे फारिनेल्लीसारखा गायक होता. त्याच्यासमोर प्रेक्षक टिकवायला हँडलजवळ स्वतःची बोटे होती, आणि ती पुरेशी होती.

मराठी संगीत नाटकांतून परिचित असलेला ऑर्गन वेगळा. त्यात पायांनी भाता चालवला की धातूच्या पट्ट्या कंप पावतात. हँडलच्या ऑर्गनमध्ये हवा नळ्यांतून वाहते आणि स्वर बासरीच्या जवळचा लागतो. त्या काळच्या इंग्लिश ऑर्गनला पायांनी वाजवायची पट्टी सहसा नसे. म्हणून हे संगीत दोन हातांचे, हलके आणि खेळकर आहे. साथीला ओबो हे फुंकून वाजवायचे वाद्य आणि तंतुवाद्ये असतात.

नाव पडले ते दुसऱ्या, द्रुत भागावरून. युरोपातील कुक्कूची हाक दोन स्वरांची: एक वरचा, लगेच एक खालचा, साधारण ‘प–ग’ असा. आपल्या कोकिळाची हाक चढत जाते, ही उतरते; त्यामुळे ‘कोकिळा’ असे भाषांतर केले तर कानाची फसगत होते. नाइटिंगेल या गाणाऱ्या पक्ष्यासाठी हँडल कंपित स्वर आणि भरभर धावणारे स्वरसमूह योजतो. पक्ष्यांची नक्कल एवढ्यावर तो थांबत नाही, हे महत्त्वाचे. कुक्कूचे दोन स्वर संपूर्ण भागाच्या बांधणीत विणलेले आहेत.

या भागानंतर हस्तलिखितात ‘अ‍ॅड लिबिटम’ एवढाच शेरा आहे, म्हणजे वादकाने मनाने वाजवावे. पुढे सिचिलियाना या नृत्यप्रकाराच्या डोलत्या लयीतला संथ भाग आणि शेवटी पुन्हा द्रुत भाग येतो. ‘अ‍ॅड लिबिटम’ची मोकळी जागाच या कन्चेर्तोंचा गाभा होय. हँडलची उपज त्याच्याबरोबर गेली, आणि छापील प्रतीत उरला तो सांगाडा. उत्तरायुष्यात दृष्टी गेल्यावर तो वाद्यवृंदाला फक्त आवर्ती भाग देई आणि एकल भाग जागच्या जागी रची, असे संगीताचा इतिहासकार चार्ल्स बर्नीने नोंदवले आहे. वादक थांबून त्याच्या कंपित स्वराच्या इशाऱ्याची वाट पाहत.

‘इझ्राएल इन इजिप्त’ला लंडनकरांनी थंडा प्रतिसाद दिला, आठवड्याभरात ते कापून, मध्ये गाणी घालून सादर करावे लागले. कन्चेर्तोचे नशीब बरे ठरले. त्याच वर्षी शरद ऋतूत हँडलने त्यातील सामग्री तंतुवाद्यांच्या ओपस ६ या संग्रहातील नवव्या कन्चेर्तो ग्रोस्सोत (छोटा वादकगट आणि मोठा वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) पुन्हा वापरली, आणि १७४० मध्ये प्रकाशक जॉन वॉल्शने मूळ ऑर्गन कन्चेर्तो छापला. आजचा वादक त्या रिकाम्या जागेसाठी स्वतः काही रचतो, किंवा हँडलचाच दुसरा एखादा तुकडा तिथे वाजवतो.