झटका दाबणारं औषध आणि आजार बदलणारं औषध

अपस्मारावरच्या नव्या औषधाची बातमी आली की मथळ्यात 'आजार मुळापासून बरा' हे शब्द हमखास असतात. या मथळ्यांचा मला राग येतो. सध्या जे खरोखर घडतंय, ते याहून लहान असलं तरी कितीतरी रंजक आहे.

आज अपस्मारावर दिली जाणारी जवळपास सगळी औषधं झटके दाबतात. 1912 पासून वापरात असलेलं फेनोबार्बिटाल घ्या, 1938 मध्ये पुढे आलेलं फेनिटॉइन घ्या किंवा अलीकडचं लेव्हेटिरासिटाम घ्या. चेतापेशींची अतिउत्तेजना आवरायची, हे त्यांचं काम. त्या जोरावर असंख्य माणसं नेहमीसारखं आयुष्य जगतात. पण मेंदूतलं जाळं झटक्यांकडे झुकवणारी मूळ प्रक्रिया चालूच राहते. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत डोक्याला गंभीर मार लागलेल्यांना फेनिटॉइन दिलं होतं. पहिल्या आठवड्यातले झटके कमी झाले, नंतर अपस्मार जडण्याचं प्रमाण मात्र घटलं नाही.

जगात सुमारे 5 कोटी लोकांना अपस्मार आहे. योग्य निवडलेली दोन औषधं नीट घेऊनही झटके चालू राहिले, तर त्याला औषधाला दाद न देणारा अपस्मार म्हणतात. ग्लासगोमधल्या 2000 सालच्या अभ्यासात पहिल्याच औषधावर 47 टक्के रुग्णांचे झटके थांबले, दुसऱ्यावर आणखी 13 टक्क्यांचे, त्यापुढे जेमतेम 4 टक्क्यांचे. नंतर कितीतरी नवी औषधं आली, तरी उरलेला तृतीयांश फारसा हललेला नाही.

मग मुळाला हात घालणारं औषध कसं असेल? ड्रॅव्हे सिंड्रोम हा लहान मुलांतला गंभीर अपस्मार हे त्याचं सर्वांत सुंदर उदाहरण. बाळाच्या पहिल्याच वर्षात, बहुधा तापात, लांबलेले झटके येतात आणि पुढे बोलणं, चालणं, शिकणं मागे पडतं. बहुतेक मुलांमध्ये कारण एकच, एससीएन1ए या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली. या जनुकापासून सोडियमची एक वाहिनी बनते, आणि ती मुख्यतः इतर पेशींना शांत करणाऱ्या चेतापेशींत लागते. वाहिन्या निम्म्याच बनल्या की शांत करणाऱ्या पेशीच थकतात. कार्बामाझेपिनसारखी सोडियम वाहिन्या रोखणारी औषधं या मुलांचे झटके वाढवतात, ते यामुळेच.

निरोगी जनुक बाहेरून घालायचं, तर ते जनुक पेशीत पोचवणाऱ्या नेहमीच्या विषाणू-वाहकात मावत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी शाबूत प्रतीकडेच पाहिलं. जनुकावरून आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठीची कामचलाऊ प्रत, तयार होताना त्याचे निवडक तुकडे, म्हणजे एक्सॉन, जोडले जातात. एससीएन1एच्या काही आरएनएंत एक 'विषारी एक्सॉन' शिरतो. त्यात 'थांबा' असा संकेत असतो. कादंबरीच्या मध्येच 'समाप्त' छापलेलं पान शिवलं गेलं तर ती प्रत रद्दीत जाईल, तसा पेशी असा आरएनए नष्ट करते. निरोगी प्रतीचंही काही उत्पादन असं वाया जातं! झोरेव्हुनर्सेन हा आरएनएला चिकटणारा छोटा कृत्रिम धागा तो एक्सॉन आत शिरू देत नाही. वाया जाणारा आरएनए कामी येतो आणि वाहिन्या वाढतात. मूळ डीएनएला धक्का लागत नाही, म्हणून डोस पुन्हापुन्हा द्यावा लागतो, तोही कण्यातून.

अशाच धाग्याचा एक डोस नवजात उंदरांना दिल्यावर झटके आणि अचानक होणारे मृत्यू खूप कमी झाले. मुलांवरच्या सुरुवातीच्या चाचण्यांत झटके घटले, वागण्या-बोलण्यातही सुधारणा दिसली. पण त्यांत तुलनेसाठी औषधाविना ठेवलेला गट नव्हता. तो गट असलेल्या मोठ्या चाचणीचा निकाल पाहिल्याशिवाय 'आजार बदलला' असं मी म्हणणार नाही.

आणखी एक. ड्रॅव्हेमधला जनुकीय बदल बहुतेकदा मुलातच नव्यानं घडलेला असतो, आईवडिलांत नसतो. तरीही बाधा, शाप, मागच्या जन्मीचं पाप म्हणत आईला कोसणारे आहेत. ही क्रूरता आहे, आणि त्या नादात उपचारांचे मोलाचे महिने जातात.

ट्युबरस स्क्लेरोसिस या मेंदूसह अनेक अवयवांत गाठी होणाऱ्या जनुकीय आजारात एमटॉर हा पेशीवाढीचा मार्ग बेलगाम होतो. तिथे एव्हरोलिमस हे औषध थेट त्याच मार्गाला आवर घालतं आणि काहींचे झटके निम्म्याहून कमी होतात. याच आजारात झटके सुरू होण्याआधीच व्हिगाबॅट्रिन हे झटक्यांवरचं औषध देऊन पाहिलं, पण दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष पूर्ण जुळले नाहीत.

हे सारं ठरावीक जनुकीय आजारांपुरतं आहे. मार, पक्षाघात किंवा मेंदूज्वरानंतरचा अपस्मार रोखणारं सिद्ध औषध आज नाही. मात्र टेम्पोरल लोबमधून, म्हणजे कानशिलाजवळच्या मेंदूच्या भागातून, झटके उगम पावणाऱ्यांनी नव्या औषधाची वाट पाहत बसू नये. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या गटातले 58 टक्के रुग्ण वर्षभरानं शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांतून मुक्त होते, केवळ औषधांवरचे 8 टक्के. दोन औषधं निष्फळ ठरली की शस्त्रक्रियेसाठी तपासणी करता येईल का, हे डॉक्टरांना लगेच विचारा. आणि चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका.