क्षेपणास्त्राचा सुटा भाग विमानाने परदेशी जातो तेव्हा: विदर्भातल्या लहान कारखानदाराला कोणता अर्ज, कोणते कागद

भंडाऱ्याजवळ जवाहरनगर, भद्रावतीत चांदा, नागपुरात अंबाझरी या आयुध निर्माण्या, आणि वर्धा जिल्ह्यात पुलगावचा दारूगोळा डेपो. या पट्ट्यात ज्याच्याकडे लेथ आहे, त्याच्यापर्यंत संरक्षण खात्याचं काम आज ना उद्या पोचतंच. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. चांदा आणि भंडारा म्युनिशन्स इंडियाकडे गेले, अंबाझरी यंत्र इंडियाकडे. एप्रिल २०२४ मध्ये हवाई दलाच्या सी-१७ विमानातून ब्रह्मोस फिलिपिन्सला पोचलं, तेव्हापासून तर वर्कशॉपच्या दारात एकच विचारणा असते: "आपण पार्ट डायरेक्ट बाहेर पाठवू शकतो काय? लायसन कोणतं लागते?"

बहुतेकांना असा अर्ज करावाच लागत नाही. ज्यांना करावा लागतो त्यांनी तो ऑर्डरवर सही करण्याआधी समजून घ्यायला हवा. माल पेटीत भरल्यावर समजून घेऊन उपयोग नसतो.

आधी हे ठरवा: निर्यातदार कोण?

तुम्ही बुटीबोरीत किंवा हिंगण्यात कंस, फ्लँज, कास्टिंग बनवता आणि ते हैदराबादच्या भारत डायनॅमिक्सला, बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सला किंवा नागपुरातल्याच एखाद्या मोठ्या कंपनीला विकता. ही देशांतर्गत विक्री झाली. जीएसटीचं बिल फाडा, माल द्या. ती कंपनी पुढे तो भाग अख्ख्या प्रणालीत बसवून परदेशी पाठवते, तेव्हा निर्यातीची परवानगी तिच्या नावावर निघते. तुमचा निर्यातीचा अर्ज शून्य.

तरी तुमच्याकडून काही कागद मागितले जातात, आणि लहान युनिट अडकतं ते नेमकं इथेच. कच्च्या मालाचं तपासणी प्रमाणपत्र, मोजमापाचा अहवाल, प्रत्येक नगाचा अनुक्रमांक, ड्रॉइंगबाबत गोपनीयतेचा करार, आणि कच्चा माल मूळ कोणत्या देशातला याचं लेखी उत्तर. हा शेवटचा मुद्दा लोक हलक्यात घेतात. तुम्ही वापरलेला सेन्सर किंवा विशेष मिश्रधातू परदेशी असेल, तर तो तिसऱ्या देशात पाठवायला मूळ देशाची संमती लागू शकते. एका छोट्या कनेक्टरमुळे अख्खी खेप थांबू शकते, म्हणून पुरवठादाराचं बिल जपून ठेवा.

परदेशी खरेदीदाराने थेट तुम्हालाच ऑर्डर दिली, तर मात्र निर्यातदार तुम्ही. पुढचं सगळं अशा थेट निर्यातदारांसाठी.

तुमचा भाग यादीत आहे का?

विदेश व्यापार (विकास व नियमन) कायदा १९९२ खाली एक नियंत्रित यादी आहे, तिला सगळे स्कोमेट म्हणतात. तिचे ० पासून ८ पर्यंत गट आहेत. सहावा गट म्हणजे युद्धसामग्री, आणि त्याची परवानगी संरक्षण मंत्रालयाचा संरक्षण उत्पादन विभाग देतो. बाकी बहुतेक गट विदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी पाहतं. अणुऊर्जेचा गट अणुऊर्जा विभागाकडे आहे. चुकीच्या दारात अर्ज टाकला की महिने वाया जातात.

सहाव्या गटात ६ए००४ या नोंदीत बॉम्ब, टॉर्पेडो, रॉकेट, क्षेपणास्त्रं आणि त्यांची खास उपकरणं येतात. मारा नियंत्रणाची यंत्रणा ६ए००५ मध्ये. आपल्याकडच्या फाउंड्रीवाल्यांनी ६ए०१६ ही नोंद नीट वाचावी. शस्त्रासाठी खास घडवलेली, पण अजून पूर्ण न झालेली कास्टिंग आणि फोर्जिंगसुद्धा तीत मोडतात. "आमचा तर कच्चा ओतीव तुकडा आहे, त्याला कोण विचारते" हे म्हणणं इथे चालत नाही.

सगळं अडतं ते 'खास त्यासाठीच घडवलेलं' या अटीवर. बाजारात मिळणारा एम-१२ बोल्ट लाँचरवर बसला म्हणून युद्धसामग्री होत नाही. तोच बोल्ट लाँचरच्या ड्रॉइंगवरून वेगळ्या धातूत, वेगळ्या मापात बनवून घेतला, तर प्रश्न उभा राहतो. कस्टमचा एचएस कोड याचं उत्तर देत नाही. ७३१८ खाली नटबोल्ट येतात आणि ९३०६ खाली क्षेपणास्त्रं व त्यांचे भाग, पण एचएस कोड शुल्कासाठी असतो. एचएस कोड साधा निघाला म्हणून स्कोमेटमधून सुटका झाली, असं सांगणारा सल्लागार बदला. शंका असेल तर तांत्रिक तपशील देऊन विभागाकडून लेखी उत्तर घ्या.

तंत्रज्ञान आणि ड्रॉइंगही याच यादीत आहेत, ६ए०२२ खाली. नियंत्रित भागाचं ड्रॉइंग परदेशी खरेदीदाराला व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर पाठवणं हीसुद्धा निर्यातच धरली जाते. कोटेशन मागताना समोरचा तेच आधी मागतो, हे लक्षात असू द्या. प्रदर्शनात मांडायला किंवा निविदेसाठी नमुना नेऊन परत आणायचा असेल, तरी परवानगी लागते.

पात्रता आणि कागद

पहिली अट आयातदार-निर्यातदार कोड, म्हणजे आयईसी. तो डीजीएफटीच्या संकेतस्थळावर निघतो, शुल्क ५०० रुपये, आणि आता तो तुमच्या पॅनचाच क्रमांक असतो. सोबत जीएसटी नोंदणी, चालू खातं, त्या बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकेचा क्रमांक) कस्टमकडे नोंदवलेला, आणि डिजिटल स्वाक्षरी. लहान उद्योगाची उद्यम नोंदणी निर्यातीला सक्तीची नाही, पण सरकारी कंपन्यांकडे पुरवठादार म्हणून जाताना कामी येते, आणि ती मोफत आहे. गावात कोणी तिचे हजार रुपये मागत असेल तर त्याला चहा पाजून रवाना करा.

पूर्ण शस्त्र किंवा दारूगोळा बनवणाऱ्याला त्याच्या उत्पादनाचा वेगळा परवाना लागतो. सुटे भाग, कास्टिंग, फोर्जिंग यांतल्या बऱ्याच वस्तू २०१४ मध्ये औद्योगिक परवान्याच्या यादीतून वगळल्या गेल्या. त्यामुळे साध्या मशीनशॉपला तो लागेलच असं नाही.

अर्ज संरक्षण उत्पादन विभागाच्या ऑनलाइन पोर्टलवर भरायचा. त्यात खरेदी आदेश किंवा कराराची प्रत, वस्तूचं तांत्रिक वर्णन, स्कोमेटचा नोंद क्रमांक, नग आणि किंमत, आणि मालाच्या वाटेवरच्या प्रत्येकाचं नाव व पत्ता जोडायचा असतो: खरेदीदार, माल उतरवून घेणारा, मधला दलाल असेल तर तो, आणि शेवटी माल प्रत्यक्ष वापरणारा.

सगळ्यात वजनदार कागद म्हणजे अंतिम वापरकर्ता प्रमाणपत्र. माल कोणाच्या हातात राहील, कशासाठी वापरला जाईल, आणि परवानगीशिवाय पुढे कोणाला दिला जाणार नाही, एवढं त्यात लिहून सही असते. पूर्ण प्रणाली असेल तर साधारणपणे त्या देशाच्या सरकारची सही लागते. कारखान्यात जोडणीसाठी जाणाऱ्या सुट्या भागांना खरेदीदार कंपनीचं प्रमाणपत्र चालू शकतं. अर्ज रखडतात ते बहुधा याच कागदावर. प्रमाणपत्रात नाव एका स्पेलिंगचं, करारात दुसऱ्या. वस्तूचं वर्णन करारात 'असेंब्ली' आणि प्रमाणपत्रात 'पार्ट्स'. सातबाऱ्यावर नाव एक आणि आधारवर दुसरं असलं की तलाठी कार्यालयात जे होतं, तेच इथे दिल्लीत होतं. म्हणून ऑर्डरच्या मसुद्यासोबतच प्रमाणपत्राचा मसुदाही खरेदीदाराला पाठवा आणि दोन्हींतला शब्द न् शब्द जुळवून घ्या.

विभाग गरजेप्रमाणे परराष्ट्र मंत्रालय आणि इतर यंत्रणांचं मत घेतो. तोच माल त्याच ग्राहकाला पुन्हा जात असेल तर ही विचारणा वगळण्याची सोय केलेली आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये खुला सर्वसाधारण निर्यात परवानाही सुरू झाला. ठरावीक वस्तू ठरावीक देशांना पाठवायला दर वेळी नवी परवानगी लागू नये, म्हणून तो आहे. सुरुवातीच्या देशांत फ्रान्स, जर्मनी, जपान, अमेरिका होते, आणि वस्तूंत स्फोटक नसलेले दारूगोळ्याचे घटक. नियमित ग्राहक असलेल्या भागनिर्मात्याने हा परवाना आधी पाहावा.

पूर्ण प्रणालीची गोष्ट निराळी. आकाश या हवाई संरक्षण क्षेपणास्त्राच्या निर्यातीला ३० डिसेंबर २०२० रोजी थेट केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली, आणि पुढच्या मंजुऱ्या लवकर व्हाव्यात म्हणून संरक्षणमंत्री, परराष्ट्रमंत्री आणि राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार यांची समिती नेमली. आकाश ९६ टक्क्यांहून अधिक देशी असल्याचं सरकारने त्या वेळी सांगितलं. तुमच्यासारख्या पुरवठादारांची जागा त्या टक्क्यांत आहे.

स्फोटक असेल तर

प्रणोदक, इग्नायटर, फ्यूज यांतलं काही असेल तर स्फोटके नियम २००८ लागतात. साठवण, रस्त्यावरची वाहतूक, निर्यात, प्रत्येकाचा परवाना वेगळा. हे काम स्फोटकांचे परवाने देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं, आणि तिचं मुख्यालय नागपुरातच, सेमिनरी हिल्सला आहे. देशभरातले अर्जदार जिथे रेल्वेने येतात, तिथे आपण एसटीने जाऊन संध्याकाळी घरी येऊ शकतो.

विमान काय मागतं

हवाई संरक्षण प्रणाली म्हणजे नुसतं क्षेपणास्त्र नव्हे. रडारचं वाहन, आदेश केंद्राची गाडी, लाँचर, जनरेटर, चाचणी उपकरणं, सुट्या भागांच्या पेट्या, असा तो सगळा लवाजमा. २०२५ मध्ये अमेरिकेने पॅट्रियट या हवाई संरक्षण प्रणालीची एक बटालियन प्रशांत क्षेत्रातून पश्चिम आशियात हलवली. तिला सी-१७ च्या ७३ खेपा लागल्याचं त्यांच्या ॲडमिरलनेच संसदीय समितीपुढे सांगितलं. एक सी-१७ सुमारे ७७ टन उचलतं, तरी ही गत. जुलै २०१९ मध्ये रशियाने तुर्कस्तानला एस-४०० पाठवलं, तेव्हा त्याहून मोठी अँटोनोव्ह १२४ विमानं अंकाराजवळच्या तळावर एकामागून एक उतरत होती. आपल्या हवाई दलाकडे सी-१७ आहेत ११.

म्हणून विमानात माल चढवणाऱ्याला, म्हणजे लोडमास्टरला, प्रत्येक पेटीचं खरं वजन, लांबी-रुंदी-उंची आणि गुरुत्वमध्याची खूण हवी असते. "अंदाजे ४०० किलो" लिहिलेली पेटी परत येते. विमानाचा तोल या आकड्यांवर बसवतात, त्यामुळे वजनकाट्याची पावती सोबत ठेवा. लष्करी पॅलेटला ४.५ टनांच्या आसपास मर्यादा असते. जड नग असेल तर भार कसा विभागायचा ते आधी विचारा. वाहन असेल तर प्रत्येक आसावरचं वजन वेगळं मागतात.

लाकडी पेटी हा तर आपल्याकडचा खास विषय. गोंदिया-चंद्रपूर भागात आरागिरणी हाकेवर, त्यामुळे पेटी गावातच ठोकून घेतली जाते. परदेशी जाणाऱ्या लाकडाला मात्र आयएसपीएम-१५ हा लाकडी पॅकिंगचा आंतरराष्ट्रीय नियम लागतो: लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला किमान ३० मिनिटं उष्णता, आणि त्यावर मान्यताप्राप्त संस्थेचा शिक्का. शिक्का नसेल तर क्षेपणास्त्राच्या भागाला सगळ्या परवानग्या असूनही लाकडात कीड असेल या संशयावर पेटी अडते. प्लायवूडला हा नियम नाही, त्यामुळे बरेच जण तेच वापरतात.

बॅटरी, इंधन, हायड्रॉलिक तेल, वायूची नळकांडी यांना धोकादायक माल म्हणून वेगळं घोषणापत्र लागतं. स्फोटकांचे १.१ ते १.६ असे विभाग आहेत. प्रवासी विमानात त्यांतला जवळजवळ फक्त १.४ एस, म्हणजे अगदी कमी धोक्याचा माल जातो. १.१ विभागाचा, म्हणजे सगळा एकदम फुटू शकणारा माल नागरी मालविमानालाही एरवी निषिद्ध, संबंधित देशांनी खास सूट दिली तरच. क्षेपणास्त्रं सहसा लष्करी विमानाने का जातात, त्याचं एक कारण हे. लष्करी विमानालाही मोकळं रान नसतं. १९४४ च्या शिकागो करारानुसार दुसऱ्या देशावरून सरकारी विमान न्यायला त्या देशाची परवानगी लागते, आणि कलम ३५ प्रमाणे युद्धसामग्रीलाही. ते काम दूतावासांचं. तुमच्याकडून त्यांना हवी असते ती अचूक मालयादी, वेळेवर. यादीत ऐनवेळी एक पेटी वाढली तर मिळालेल्या परवानग्यांची जुळणी पुन्हा करावी लागू शकते.

कस्टम आणि नंतरचं

शिपिंग बिलात, म्हणजे कस्टमला द्यायच्या निर्यातीच्या घोषणापत्रात, परवानगीचा क्रमांक टाकायचा आणि नग, किंमत, वर्णन परवानगीबरहुकूम ठेवायचं. जीएसटी न भरता निर्यात करायची तर जीएसटीच्या आरएफडी-११ या फॉर्ममधलं हमीपत्र दर आर्थिक वर्षी नव्याने भरावं लागतं. स्कोमेटचे कागद पाच वर्षं सांभाळा. परवानगीविना निर्यातीला मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

जिल्हा उद्योग केंद्रात उद्यम आणि कर्ज-अनुदानाची माहिती चांगली मिळते, पण स्कोमेटसाठी तिथे खेटे घालू नका. आणि आयईसी कायमचा असला तरी त्याची माहिती दर वर्षी एप्रिल ते जून या काळात ऑनलाइन पक्की करावी लागते, काही बदल नसला तरी. तेवढं राहिलं तर कोड निष्क्रिय होतो आणि शिपिंग बिल पुढे सरकत नाही. धान पेरणीच्या धांदलीत ३० जून निघून जातो, तेव्हा ते मेमध्येच उरकून टाका.